टी-शर्ट फक्त गरम पाण्यानेच आटतो म्हणे!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की कॉटनचा टी-शर्ट आटतो तो फक्त गरम पाण्यामुळे, म्हणून थंड पाण्यात धुवा, आधी मिठाच्या पाण्यात भिजवा, एकदा धुतला की जे आटायचं ते आटून जातं, आणि तरी आखूड वाटला तर ओढून इस्त्री मारा. यातलं बरंचसं चूक आहे आणि चांगले कपडे यापायी वाया जातात, म्हणून लिहितोय.

आधी गरम पाण्याचं. टी-शर्टचं कापड म्हणजे होजिअरी, त्यात उभे-आडवे धागे नसतात, एकात एक अडकवलेले लूप असतात. कारखान्यात विणताना, रंगवताना, रोलवर गुंडाळताना ते लांबीला ओढलं जातं आणि लूप ताणलेलेच राहतात. मग घरी पाण्यात टाकलं की कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो, लांबीला जेमतेम १-२ टक्के पण जाडीला त्याच्या कितीतरी पट, त्याने लूपचा ताण सुटतो आणि ते आपल्या मूळ आकाराकडे परत जातात. लांबी कमी होते, रुंदी कधीकधी उलट वाढते, टी-शर्ट आखूड आणि ढगळ दिसतो तो यामुळेच. आणि हे थंड पाण्यातही होतंच! लोकरीचं वेगळं, तिच्या तंतूवर खवले असतात ते एकमेकांत गुंततात, कापसाला खवलेच नसतात.

खरा फरक पडतो ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेत कपडे फिरवून वाळवणाऱ्या मशीनमध्ये. तिथे कपडा सारखा आपटत फिरतो, लूप हलत राहतात आणि ओलावा जाईल तसे आणखी जवळ येतात. एकाच पाण्यात धुतलेले दोन सारखे टी-शर्ट घ्या, सपाट पसरून वाळवलेला कमी आटेल, ड्रायरमधला जास्त.

एकदाच आटतो हे अर्धंच खरं. पहिल्या धुण्यात सगळ्यात जास्त आटतो, पण पुढची ४-५ धुणी थोडं थोडं चालूच राहतं, त्यातही सैल विणीचं कापड जास्त आटतं. कारखान्यात कॉम्पॅक्टर मशीनवर कापड लांबीला आधीच दाबून घेतलं असेल तर घरी त्रास कमी.

मिठाने लूपमधला ताण जात नाही, त्यामुळे तो उपाय सोडूनच द्या.

राहिली इस्त्री. वाफेची इस्त्री ओढत फिरवली की कापड लांबतं हे खरंय, पण पुढच्या धुण्यात ते परत आखडतं, आणि एका बाजूला जास्त ओढलं गेलं तर टी-शर्ट वाकडा दिसतो तो वेगळाच. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची, घासायची नाही. आणि होजिअरी कापड घरी शिवणार असाल तर नुसती इस्त्री मारून कापू नका, पुढे कपडा जसा धुणार-वाळवणार तसंच ते आधी दोन-तीनदा धुवून वाळवून घ्या, नाहीतर राहिलेलं सगळं आटणं शिवलेल्या कपड्यात निघेल.