कर्मिट संथ होता, पण कुठल्या तारेवर?

कर्मिट आणि एक्समोडेम या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर तारेने फाइली पाठवायच्या जुन्या पद्धती. दोन्ही फाइलचे तुकडे करून पाठवतात; कर्मिटमध्ये त्यांना पाकिटं म्हणतात, एक्समोडेममध्ये ब्लॉक. जुन्या कॉम्प्युटरांच्या गप्पांत एक मत हमखास फिरतं: ‘एक्समोडेम असताना कर्मिट वापरणं म्हणजे बैलगाडी. पाकिटं चिमुकली, डेटा उगाच फुगवलेला. आणि फाइल बिघडलीच तर दोष फोनलाइनच्या खरखरीचा.’

आधी एक्समोडेमचंच बघू. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी तो १९७७ मध्ये लिहिला, घरगुती मशिनांसाठी. मधली तार आठही बिट जशेच्या तसे नेणार, हे त्यात गृहीत होतं. मेनफ्रेमच्या, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, टर्मिनल लाइनीवर बऱ्याचदा सातच बिट डेटाचे, आठवा पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला. एक्समोडेमच्या पहिल्या ब्लॉकच्या सुरुवातीला १ हा क्रमांक येतो आणि पाठोपाठ त्याचा पूरक, २५४. बेरीज २५५ भरली तरच ब्लॉक खरा. इव्हन पॅरिटीच्या (बाइटमधल्या १ची संख्या सम ठेवणाऱ्या) लाइनीवर २५४ चा आठवा बिट गळतो आणि पलीकडे पोचतात १२६. ब्लॉक नापास. पुन्हा पाठवला, पुन्हा नापास. दहाएक प्रयत्नांनी हात वर. एकही बाइट न पोचवणाऱ्याचा वेग मोजायचा कसा?

कर्मिट १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी रचला तो नेमक्या अशा लाइनींसाठी. (नाव ‘मपेट्स’ या बाहुल्यांमधल्या बेडकाचं, हे खरंच.) मेनफ्रेमच्या डिस्कवर विद्यार्थ्यांना जागा मोजकी, म्हणून फाइली फ्लॉपीवर उतरवायच्या होत्या.

आता ‘फुगवलेला डेटा’. बाइट १९ म्हणजे कंट्रोल-एस; वाटेतलं यंत्र त्याला ‘थांब’ समजतं आणि सगळं ठप्प. म्हणून कर्मिट असे बाइट # लावून साध्या अक्षरात बदलतो. एकाचे दोन होतात, कबूल. पण पुनरावृत्तीची सोय (तोच बाइट किती वेळा, एवढंच कळवायची) दोन्ही टोकांना असेल तर ९४ शून्य बाइट लागोपाठ आले की लाइनीवर जातं फक्त ~~#@. चार अक्षरं!

चिमुकल्या पाकिटांचं कारण साधं: लांबी एकाच छापील अक्षरात मावावी म्हणून कमाल ९४, आणि मेनफ्रेमचे इनपुट बफर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) हेही तोकडे. पुढे लांब पाकिटं आणि स्लायडिंग विंडो (आधीच्या पाकिटाची पोच यायच्या आत पुढची पाठवणं) आल्या, पण लोक जुन्याच सेटिंगवर बसून नावं ठेवत राहिले. स्वच्छ आठ-बिट तारेवर जुना कर्मिट मागे पडायचा, यात वाद नाही.

राहिली खरखर. ती असेल तर फाइल दर वेळी वेगळ्या जागी अडकते. फाइल दर वेळी त्याच बाइटला अडकत असेल, तर संशय कंट्रोल अक्षरावर घ्यायचा. पहिल्याच पाकिटाला अडकली तर पॅरिटी तपासायची, आणि आयबीएमची हाफ-डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने बोलता येणारी) लाइन असेल तर हँडशेकही: मेनफ्रेमने ‘आता बोल’ म्हणायच्या आत पाठवलेलं वाया जायचं. आणि फाइल बिनतक्रार पूर्ण येऊनही प्रोग्राम चालत नसेल, तर बहुतेक ती टेक्स्ट म्हणून गेलेली असते. तेव्हा अक्षरांचे आकडे एका संकेतातून दुसऱ्यात बदलले जातात: आस्कीतला ६५ आयबीएम मेनफ्रेमच्या एबसिडिकमध्ये १९३ होतो. मजकुराला ते हवंच, प्रोग्रामचा मात्र चुथडा. चेकसम (तुकडा नीट पोचला का हे तपासणाऱ्या बेरजा) सगळे बरोबर, कारण चूक तारेवर झालेलीच नसते. पाठवण्याआधी फाइल टाइप बायनरी करायचा राहिलेला असतो.