प्रतिक्रियेला उत्तर: आधी पेट्रोल, मग कॉम्प्रेशन

आउटबोर्डचा (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा) जोर का जातो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण अर्धी बरोबर आहे. तुमचं म्हणणं असं: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचा जोर गेला की कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) गेलेलं असतं, रीबोअर करून (सिलिंडर थोडा मोठा कापून नवा पिस्टन टाकून) मोकळं व्हावं, पेट्रोलच्या नळीत वेळ घालवू नये. शिवाय चालू इंजिनाची स्पार्क प्लगची वायर उपटायला सांगून मी लोकांचे सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाळायला निघालोय.

सीडीआयचं आधी. चूक माझीच, लेखात दुरुस्ती करतो. वायर मोकळी सोडली की ठिणगीला वाट मिळत नाही आणि कॉइल-सीडीआयवर ताण येतो. म्हणून इंजिन बंद करायचं, एका सिलिंडरची टोपी काढून जादा प्लगला लावायची, त्या प्लगचे आटे ब्लॉकला घट्ट टेकवायचे, कार्बोरेटरपासून लांब, आणि मगच सुरू करायचं. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता.

आता कॉम्प्रेशन. तुम्हीच लिहिलंय, 'पहिला मिनिटभर होडी छान उचलते, मग दम टाकते.' कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन असं वागत नाही. ते सुरू व्हायलाच कुरकुरतं आणि पहिल्या सेकंदापासून मरगळलेलं असतं. मिनिटभराने दम जातो तेव्हा बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपत असतं आणि मागून तेवढं येत नसतं.

याची परीक्षा दोन मिनिटांची. किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला, होडीत नेहमीचं वजन, मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण. जोर पडला की दुसऱ्याने पेट्रोलच्या नळीवरचा बल्ब (हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत राहायचं. होडी पुन्हा उचलली तर दोष टाकी ते फ्युएल पंप या वाटेवर आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहणं, फिल्टर तुंबणं, नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येणं, पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक होणं. जुन्या रबराला इथेनॉलमिश्रित पेट्रोल मानवत नाही, म्हणून बाहेरून ठीक दिसणारी नळीही कापून बघा. बल्ब दाबूनही फरक नाही, तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक). तो स्प्रे आणि हवेने साफ करायचा, तार घालायची नाही. भोक वाढलं की मिश्रणाचं गणित बिघडतं. दहा-पंधरा मिनिटांनी तापल्यावरच जोर जात असेल, तर कॉइल किंवा वॉटर पंपाचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ढकलणारं रबरी चाक) बघा.

आवाज चढतो पण होडी पुढे सरकत नाही, ही तक्रार वेगळीच. तिथे पंख्याचा (प्रोपेलरचा) रबर बुश घसरत असतो. बुशच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की उत्तर मिळालं.

कॉम्प्रेशन जरूर तपासा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, सुटलेल्या वायरी ब्लॉकला जोडून, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून सुरू करायच्या दोरीच्या चार-पाच ओढी. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांच्या वर गेला तर इंजिन उघडायची वेळ आली. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून आकडा चढला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा.

पण तेव्हाही 'रीबोअर करून मोकळं' होता येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, पिस्टन खरवडतो आणि कॉम्प्रेशन त्यामुळेच जातं. नळी तशीच ठेवून नवा पिस्टन टाकलात, तर तोही त्याच वाटेने जाईल. आणि पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल, टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीच्या) दर्जाचंच. रिक्षाचं टू-टी नको, ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

तर आधी बल्ब दाबून बघा, आणि मिनिटभराने जोर परत आला की नाही तेवढं इथेच खाली लिहा.