स्टिअरिंगचा हिसका: 'डिस्क बदला, विषय संपला' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. बाकी वाचकांसाठी थोडक्यात: ब्रेक लावल्यावर माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला बसणाऱ्या हिसक्यावर मी एक लेख लिहिला होता, त्यावर दादांचं म्हणणं असं की ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हललं म्हणजे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी) वाकडी झाली, डिस्क आणि तिला दाबून धरणारे पॅड नवीन टाका, विषय संपला, त्यांच्या गाडीचं तसंच बरं झालं, आणि मी लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), बुश (त्या दांड्याच्या जोडावरचा रबरी तुकडा), कॅलिपर पिन (पॅड दाबणारा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) अशी नावं घेऊन लोकांना घाबरवतोय आणि खर्चात पाडतोय.

खर्चाचं वाक्य मला खरंच लागलं, कारण तो लेख लोकांचे पैसे वाचावेत म्हणूनच लिहिला होता.

मुळात तुमच्या गाडीला जे होत होतं ते माझ्या गाडीला होत नव्हतं. तुम्हीच लिहिलंय की ऐंशीवरून ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं. माझी गाडी थरथरत नव्हती, ब्रेक करकचून दाबला की स्टिअरिंग एकदाच डावीकडे हिसका मारायचं आणि ब्रेक सोडला की खालून टक्क आवाज येऊन परत जागेवर, आणि सिग्नलला हळू ब्रेक लावला तर काहीच नाही. थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.८ मीटर जातं, म्हणजे ऐंशीच्या स्पीडला सेकंदाला बारा फेऱ्या, चाळीसला सहा, त्यामुळे गाडी हळू होत जाते तशी थरथरही संथ होत जाते. असं होत असेल तर डिस्क बघा, मी तुमच्याच बाजूने आहे. पण एकदाच बसणारा हिसका डिस्कने सहसा येत नाही.

आता थरथरीबद्दलही एक गोष्ट सांगतोच. डिस्क बहुतेक वेळा उष्णतेने वाकत वगैरे नाही, ती हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) किंचित तिरकी बसलेली असते. हबच्या तोंडावर गंज असतो (आपल्याकडच्या पावसात तो येतोच), किंवा पंक्चरवाल्याने एअर गनने नट कमीजास्त आवळलेले असतात. मग ब्रेक न लावताही डिस्कचा तो एक भाग दर फेरीला पॅडला घासतो आणि हळूहळू तेवढाच पातळ होतो. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी हाताला कळतं, आणि वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे बघा. गंज न घासता त्याच हबवर नवीन डिस्क चढवली तर सुरुवातीला गाडी लोण्यासारखी थांबते आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच परत सुरू होतं. वायर ब्रशने हब साफ करणं, नट तिरपे एकाआड एक घेऊन शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आवळणं, याला असा काय खर्च येतो?

हिसक्याचं गणित वेगळं. जोरात ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि चाकाला त्या जागी धरून ठेवतं लोअर आर्मचं मागचं बुश. त्याचं रबर फाटलं असेल तर चाक मागे सरकतं, त्याचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. माझ्या गाडीत वरून बुश अगदी ठीक दिसत होतं, पण गाडी जॅकवर घेऊन मेकॅनिकने पहारीने आर्म मागे रेटला तेव्हा रबरात चंद्रकोरीसारखी फट उघडली आणि मधली लोखंडी नळी मोकळी हलायला लागली. डिस्कला डायल गेज (डिस्क फिरताना किती डोलते ते मोजणारं साधन) लावून आधीच बघितलं होतं, ती सरळ होती. बऱ्याच छोट्या गाड्यांना नुसतं बुश प्रेसवर दाबून बसवून मिळतं, फक्त नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन) चेक करायला विसरू नका.

कॅलिपर पिनचं एवढ्यासाठी लिहिलं होतं की पिन सुकून जाम झाली की एक बाजू नीट पकडत नाही आणि गाडी चांगल्या बाजूला ओढते. ग्रीस लावताना ब्रेकचंच घ्या, साध्या ग्रीसने पिनवरचं रबराचं बूट (झाकण) फुगतं. आणि गाडी थांबता थांबता पॅडल कडकड करत असेल तर एबीएसचा (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर किंवा त्याची रिंग बघा.

घाबरवण्याबद्दल म्हणाल तर, हो, फाटलेल्या बुशवर पावसात घाट उतरू नका असं मी लिहिलं आणि पुन्हा लिहीन. वळणावर समोर एसटी आली आणि तेव्हाच स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं तर सावरायला जागाच नसते.

डिस्क बदलून तुमची गाडी किती चालली ते तुम्ही लिहिलं नाही. पुढच्या सर्व्हिसला चाक काढतीलच, तेव्हा डायल गेज लावायला सांगा. डिस्कचं डोलणं ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम, बऱ्याच गाड्यांना ०.१ पर्यंतही चालतं, तुमच्या मॉडेलची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. आकडा काहीही आला तरी इथे खाली टाका, तुमच्यासारखीच गाडी असलेले बरेच जण वाचतायत.