एलिमेंटरी ओएस विकत घ्यावी लागते का?

‘दिसायला सुंदर लिनक्स हवी तर पैसे मोजावे लागतात, एलिमेंटरी आणि झोरिन दोन्ही विकतच मिळतात,’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. (एलिमेंटरी आणि झोरिन या लिनक्सवर आधारलेल्या, विंडोजच्या जागी संगणकावर टाकता येणाऱ्या प्रणाली.) हे अर्धवट खरं आहे.

एलिमेंटरीच्या डाउनलोड पानावर डॉलरचे आकडे दिसतात आणि नवखा माणूस तिथूनच मागे फिरतो. ती ऐच्छिक रक्कम आहे. रकमेच्या चौकटीत 0 लिहिलं की तीच संपूर्ण प्रणाली फुकट उतरते, त्यात काही कापलेलं नसतं. झोरिनची ‘प्रो’ आवृत्ती मात्र खरोखर विकत आहे. तरी ‘कोअर’ मोफत मिळते. प्रोमध्ये मुख्यतः डेस्कटॉपच्या जादा मांडण्या आणि आधीच भरलेली ॲप्स असतात. नवशिक्याचं त्यांवाचून काही अडत नाही.

विंडोजची सवय असेल तर माझं मत झोरिन कोअरला. एलिमेंटरी देखणी खरी, पण तिच्या खिडक्यांना मिनिमाइझचं बटणच नसतं आणि पहिल्या दिवशी तेवढ्यानंच माणूस वैतागतो! दोन्ही पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता, चालवून बघता येतात. पैसे द्यायचेच असतील तर त्यानंतर द्या.