'एसीत बसून लिहिणं सोपं असतं' या कमेंटला माझं उत्तर

सह्यभटका यांस,

तुमची कमेंट काल रात्री वाचली, आज सकाळी लोकलमध्ये परत वाचली, आणि दिवसभर ऑफिसात डोक्यातून गेली नाही म्हणून आता लिहायला बसलेय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते, रायगडातल्या दरडीखालच्या वाड्या आणि त्यांचं रखडलेलं पुनर्वसन यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की "मुंबईत एसीत बसून हे लिहिणं सोपं असतं, नोटिसा देऊनही ही आडमुठी लोकं हलत नाहीत, सरकार तरी काय करणार". शिवाय महाड तालुक्यातल्या तळियेच्या दरडीची तारीख चुकली, पुणे जिल्ह्यातल्या दरडीखाली गेलेल्या माळीण गावाचं पुनर्वसन झालं ते मी लपवलं आणि पश्चिम घाटातली संवेदनशील गावं जपायच्या नियमांनी कोकणचा विकास मारला, असंही आहे.

तारखेचं मान्य. मी 23 जुलै लिहिलं होतं, दरड 22 जुलै 2021 ला संध्याकाळी कोसळली, महाडला पूर आणि रस्ते बंद म्हणून मदत दुसऱ्या दिवशी पोचली. चूक माझी, दुरुस्त केलीय.

आता एसीचं. मी भांडुपला डोंगराच्या बाजूला चाळीत वाढले, वडील महाड तालुक्यातून गिरणीत आले आणि संपानंतर वॉचमनकी करत राहिले, आमच्याकडे पंखासुद्धा एकच होता. पण समजा असता एसी, तर काय? माझं आजोळ तिथेच आहे, सख्खा मामा आजही दरडीखालच्या वाडीत राहतो. 26 जुलै 2005 म्हटलं की मुंबईत प्रत्येकाला मिठी नदी आठवते, सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवतो. मला आठवते ती आई, दोन दिवस फोन लागत नाही म्हणून दारात बसून राहिलेली, कारण त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या होत्या. त्यातली दासगावची माणसं पुढे कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मी तेव्हा बारावीत होते. हे मी कुठे वाचून शिकले नाही हो, आणि मी तिथली कोण, असं विचारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि "आडमुठी लोकं". या एका शब्दाचा मला जास्त राग आलाय. नोटीस म्हणजे काय असते ते बघितलंय का कधी? जूनच्या सुरुवातीला कुणीतरी येऊन एक कागद देतो, सही घेतो, जातो. कागदावर असतं की अतिवृष्टी झाली तर सुरक्षित जागी जा, आणि शेवटी एक ओळ की काही झालं तर जबाबदारी तुमची. सुरक्षित जागा कुठली, जायचं कसं, किती दिवस राहायचं, खायचं काय, त्यावर एक अक्षर नाही. मामाने असले सगळे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेत, वर्षाला एक.

आणि ते हलतात. एका पावसाळ्यात मी स्वतः तिथे होते. खालच्या गावातल्या शाळेत दोन खोल्या, त्यात अकरा घरांची माणसं, एक संडास आणि त्याला पाणी नाही, पावसाने भिंतीला ओल आलेली आणि पोरं बाकांवर झोपलेली. जनावरं आणायची नाहीत असं सांगितलेलं. मग मामी पहाटे पाचला इरलं घेऊन परत वर जायची, म्हैस पिळायची, वैरण टाकायची आणि दुधाची किटली घेऊन खाली यायची, चिखलातून तासभर. तुम्ही ज्याला "परत जातात" म्हणता ते हे आहे. ती म्हैस मेली तर तिचे पैसे कोण देणार? वरची नाचणी, वरी कोण राखणार? दुसरीकडे घर देतो म्हणतात, पण शेत वरच राहतं, रानावर पोट असलेल्या ठाकर-कातकऱ्यांचं तर रानच सुटतं.

शिवाय नोटीस, नोटीस करताय म्हणून विचारते, रायगडातल्याच खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीला कुठली नोटीस होती? 19 जुलै 2023 ची रात्र, ठाकरांची वाडी, गाडी जाईल असा रस्ता नाही, बचावाची माणसं पावसात चालत गड चढली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती हे सरकारने स्वतः विधानसभेत सांगितलं. कातळावर मुरमाचा थर, त्यात दिवसचे दिवस पाणी मुरतंय, खाली माणसं झोपलीत, आणि यादीत नाव नाही. तिथे आडमुठं कोण होतं ते सांगा.

माळीणचं म्हणाल तर, दरड 30 जुलै 2014 ची, आमडे गावात घरं मिळाली 2017 मध्ये, आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. त्यावर सविस्तर नंतर कधीतरी. पश्चिम घाटाचा नियम म्हणाल तर 2014 पासून मसुद्यावर मसुदे निघतायत, सहावा 31 जुलै 2024 ला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. एवढी वर्षं मसुद्यातच राहिलेल्या नियमाने तुमचा विकास कसा मारला हे मला कळलेलं नाही आणि त्यावर मी आज वाद घालणार नाही.

तुमच्याशी माझं भांडण मुद्द्यांवर नव्हतं, सरळ विचारलं असतंत तर सरळ उत्तर दिलं असतं. कमेंट काढणार नाही, राहू दे. मामाला मात्र ती वाचून दाखवली नाही. तिकडे परवापासून धो धो पाऊस आहे, आज दुपारी फोन आला तेव्हा दोघं शाळेत पोचले होते, म्हैस वरच आहे आणि मामी पहाटेची वाट बघतेय.