खुलासा : अलीने नुसता मार खाल्ला नव्हता

म्हापसा-फोंड्याच्या बॉक्सिंगच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय : 1974 ला किन्शासात (आताच्या काँगोत) जॉर्ज फोरमनविरुद्धच्या हेवीवेट लढतीत मुहम्मद अलीने सात फेऱ्या रिंगच्या दोराला टेकून नुसता मार खाल्ला, फोरमन दमून आपसूक पडला, पोरांनाही हेच शिकवा.

हे चूक आहे. संपूर्ण चित्रण उपलब्ध आहे, पहिलीच फेरी बघा. अली दोराला टेकून नाही, डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) न देता थेट उजवा सरळ ठोसा टाकतोय. अनुभवी बॉक्सरवर सहसा कुणी असं धाडस करत नाही. दोराचा डाव दुसऱ्या फेरीपासून. तिथेही ग्लोव्हज गालाला, कोपरं बरगड्यांवर, धड मागे. जवळ येताच फोरमनची मान खाली दाबायची, फेरी संपता संपता झटपट ठोसे. आठव्या फेरीत फोरमन नॉकआउट झाला तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर अलीच पुढे होता.

आणि पोरांना हे शिकवायचं म्हणाल तर, हौशी लढत तीनच फेऱ्यांची. समोरचा दमेपर्यंत घंटा वाजते, दोराला टेकून मार खाणारा गुणांत मागे पडतो, वर जोरात मार बसला की रेफरी लढत थांबवून आठपर्यंत मोजतो ते वेगळंच.

तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.