शाश्वत विकास कक्षाच्या नव्या समन्वयकास हिताच्या सूचना

विद्यापीठाच्या शाश्वत विकास कक्षाचे समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडले असेल, तर प्रथम अभिनंदन आणि लगोलग पहिली सूचना अशी, की घाबरून जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 ध्येये आणि त्यांच्या पोटात 169 लक्ष्ये मान्य केली, ती गाठण्यासाठी 2030 ची मुदत घातली आणि गरिबी, भूक, पाणी, हवामान अशी जगाची बहुतेक दुखणी एका रंगीत चक्रात बसवली, हे खरे असले तरी ती बरी करण्याचे काम तुमच्याकडे आलेले नाही. तुमच्याकडे आले आहे ते त्या चक्राचा फलक प्रशासकीय इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावण्याचे आणि वर्षाअखेरीस फाइल भरण्याचे.

सगळी ध्येये अंगावर घेण्याचीही गरज नाही. टाइम्स हायर एज्युकेशन ही ब्रिटिश संस्था 2019 पासून विद्यापीठांची जी ‘इम्पॅक्ट’ क्रमवारी काढते, तिच्या एकूण गुणांत 17 वे ध्येय, म्हणजे भागीदारी, सक्तीचे असून त्याला 22 टक्के वजन आहे. उरलेल्यांपैकी ज्या तिनांत तुमचे गुण सर्वांत चांगले पडतील, ती तीन प्रत्येकी 26 टक्क्यांनी धरली जातात आणि बाकीच्यांत काय दिवे लावले हे एकूण गुणांपुरते कोणी विचारत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ही सवलत असती, तर एकाचाही विषय राहिला नसता. भागीदारीसाठी सामंजस्य करार करावेत, ते दोघांनी एकाच वेळी धरता येतील अशा आकाराच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि पुन्हा उघडू नयेत. प्रत्येक ध्येयाच्या गुणांतील 27 टक्के वाटा संशोधनाचा असतो आणि कोणता निबंध कोणत्या ध्येयाच्या खात्यात जातो, हे बरेचसे शब्दशोधावर ठरते. तेव्हा उसाच्या पाचटावर लिहिणाऱ्या सहकाऱ्याला गोषवाऱ्यात ‘शाश्वत’ हा शब्द निदान दोनदा घालण्याची विनंती करावी. पाचट पुढच्या हंगामात शेतकऱ्याने जाळले तरी निबंधाला धग लागत नाही.

14 वे ध्येय समुद्राखालच्या जीवसृष्टीचे आहे आणि आपल्या बेळगावला समुद्र नाही, म्हणून ते सोडून देण्याचा भाबडेपणा मात्र करू नका. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातून निघणारी म्हादई गोव्यातून अरबी समुद्र गाठते. एकाच तालुक्यातून दोन समुद्रांना पाणी जात असताना विभागाची पावसाळी सहल कणकुंबीच्या माउली मंदिरापर्यंत नेऊन तिला ‘उगमस्थळ अभ्यासदौरा’ म्हणण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत लवाद बसला, 2018 मध्ये त्याचा निवाडा आला आणि तरीही भांडण मिटले नाही, हा तपशील अहवालात घालू नये. तो 16 व्या ध्येयात, म्हणजे शांतता आणि न्याय यांत, मोडतो आणि ते ध्येय आपण घेतलेले नाही.

क्रमवारीतल्या धोरणांच्या प्रश्नांत मात्र कसूर नको. तेथे धोरण असल्याचे गुण मिळतात, त्याचा पुरावा दिल्याचे मिळतात आणि तो पुरावा सर्वांना पाहता येईल असा ठेवल्याचेही मिळतात. म्हणून पाणीबचतीचे धोरण आठ पानी करून घ्यावे आणि वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते त्या भिंतीवर ते लावू नये, कारण कागद भिजतो.

आता परिसरातल्या कचऱ्याकडे वळू. मेसच्या मागच्या दाराशी रोज दुपारी जेवणाची पंगत आटोपली की जवळच्या गावातली एक मावशी दोन पत्र्याचे डबे घेऊन येते, हे तुम्ही पाहिले असेल. पातेल्याला खाली लागलेला भात, भाजीची देठे आणि ताटांतले खरकटे ती डब्यांत भरते. त्यात हात घालून लोणच्याची प्लास्टिकची पाकिटे आणि काड्या एकेक करून वेचते, दाराच्या कडेला त्यांचा वेगळा ढीग लावते, एक डबा चुंबळीवर आणि दुसरा कमरेवर घेऊन चालत घरी जाते आणि ते सगळे म्हशींच्या आंबोणात घालते. त्याच म्हशींचे दूध दुसऱ्या दिवशी पहाटे किटलीतून मेसच्या चहाला येते. वसतिगृह सुरू झाल्यापासून हे असेच चालले आहे. यात कचऱ्याचे वर्गीकरण आहे, पुनर्वापर आहे, वाहतुकीला इंधन शून्य आहे आणि जबाबदार उपभोगाच्या 12 व्या ध्येयाखाली जे जे लिहून मागतात ते सर्व आहे. नाही ती फक्त पावती. तेव्हा सर्वांत आधी हे बंद करावे. सुरक्षारक्षकाला लेखी आदेश देऊन मावशीला फाटकावर थांबवावे, रीतसर निविदा काढून खरकट्याचे खत करणारे यंत्र घ्यावे आणि कुलगुरूंच्या हस्ते त्याची फीत कापावी. यंत्राला थ्री फेज वीज लागते आणि मेसच्या मागे सिंगल फेजच आहे, हे फीत कापल्यानंतर कळेल. तोवर यंत्रावर निळी ताडपत्री घालावी, खरकटे कचरागाडीत द्यावे आणि ताडपत्री घालण्यापूर्वीच अक्षांश, रेखांश व तारीख उमटेल असे छायाचित्र काढून ठेवावे, कारण नॅक या मूल्यांकन परिषदेच्या सातव्या निकषाला असेच छायाचित्र चालते. दूध आता पिशव्यांतून येईल. रिकाम्या पिशव्या टाकू नका. पोत्यात भरून ठेवल्या की ‘प्लास्टिक संकलन मोहीम’ आपोआप उभी राहते.

परिसराबाहेरचे काम त्याहून सोपे आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात संस्थेने पाच गावे दत्तक घ्यायची असतात. गाव निवडताना ते महामार्गापासून फार आत नाही, बस देवळापर्यंत जाते आणि पंचायतीचे सभागृह चार वाजता रिकामे होते, एवढे पाहावे. पाहणीची प्रश्नावली इंग्रजीत छापावी, म्हणजे ती विद्यार्थी कन्नडमधून विचारतो आणि आजी मराठीतून उत्तर देते. नळाला चार दिवसांनी पाणी येते, त्यातही वरच्या गल्लीने मोटर लावली की आपल्याकडे नुसती हवा येते, असे ती हातवारे करून पाच मिनिटे सांगते आणि विद्यार्थी ‘नळजोडणी आहे’ या चौकटीत खूण करतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिरही याच गावात घ्यावे, म्हणजे एकाच फलकावर दोन कामे होतात.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांनी चिकोडी-निपाणीकडची गावे पाण्याखाली घातली होती, हे लक्षात ठेवून पूरव्यवस्थापनावर एक चर्चासत्र जरूर घ्यावे. ते फेब्रुवारीत घ्यावे; तेव्हा हवा छान असते.

बळ्ळारी नाला मात्र दत्तक घेऊ नका. तो फार जवळ आहे. शहराचे सांडपाणी घेऊन तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारांतून जातो, गाळ आणि जलपर्णी यांनी तुंबतो आणि पावसाळ्यात कडेच्या भातशेतीत घुसतो. ज्या शिवाराच्या बासमतीचे नाव आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ते हेच शिवार. शेतकरी गाळ काढण्यासाठी निवेदने देत आले आहेत. अशा कामात दिवस जातात, दोनतीन खात्यांकडे खेटे घालावे लागतात आणि एवढे करून छायाचित्रात काय येणार, तर गाळ. संशोधनाला मात्र नाला उत्तम आहे. विद्यार्थ्यांना बाटल्या देऊन पाठवावे, पंचवीस-तीस नमुने घ्यावेत, आलेख काढावेत आणि निबंध परदेशी नियतकालिकात छापून आणावा; तो 6 व्या ध्येयात, शुद्ध पाण्याच्या खात्यात, बिनबोभाट जमा होतो.

यात एकच अडचण संभवते. ज्याच्या बांधावर उभे राहून नमुने घेतले, तो शेतकरी पुढच्या हंगामाआधी तुम्हाला बसस्टँडवर किंवा शनिवारच्या बाजारात गाठेल आणि विचारेल, “मास्तर, त्या बाटल्यांतल्या पाण्याचं काय निघालं की? भात लावू का नको यंदा?” निबंध वाचायला पैसे पडतात आणि त्यात भात लावावा की नाही हे लिहिलेले नाही, असे सांगून त्याला दुखवू नये. त्याच्या सहभागाबद्दल विद्यापीठाच्या वतीने आभार मानावेत, पुढच्या कार्यक्रमाला त्याला आवर्जून बोलावावे, शाल-श्रीफळ द्यावे आणि ‘भागधारकांचा अभिप्राय’ या छापील नमुन्यावर त्याची सही घ्यावी. छायाचित्र काढताना त्याला थोडे डावीकडे सरकायला सांगा, नाहीतर त्याच्या टोपीआड फलकावरचा 6 चा आकडा झाकला जातो.